देवाला माहीत आहे, मग मालकाला कशाला सांगायचं?

प्रिय ताई, सप्रेम सलाम.

मी कोल्हापूरचा. वय ४७. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत १४ वर्षं स्टोअरला आहे. भंगाराच्या गाड्या उतरवून घेण्याचं काम माझ्याकडे आहे. भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, रिकामी झाली की परत घ्यायची, मधलं वजन निघेल त्यातून माती, गंज, तेल, ओल यांचा कट टाकायचा आणि पावती करायची. कट नजरेनं टाकतात. माझं चुकत गेलं ते तिथंच. एका पुरवठादाराचं बोरिंग येतं, म्हणजे मशीनशॉपमध्ये निघणारा लोखंडी चुरा. त्याच्या मालाला ओल फार. मी कट कमी टाकत गेलो आणि तो दिवाळीला, शाळा सुरू होताना थोडंफार देत गेला. मागायला मी कधी गेलो नाही.

मागच्या महिन्यात हाताखालच्या पोराला मी काट्याचं काम शिकवत होतो. तीच गाडी आली. त्यानं विचारलं, "सायेब, ह्येला कट किती टाकू? न्हेमीगत?" मी "हं" म्हणालो. त्या रात्रीपासून मला नीट झोप नाही.

त्याच सुमारास आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वडीलपदासाठी, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांत, माझं नाव सुचवलं गेलं. पाळकसाहेब घरी येऊन प्रार्थना करून गेले. तेव्हापासून प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमध्ये प्रभूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घ्यायच्या, रविवारी मी काहीतरी निमित्त काढून गडहिंग्लजला बहिणीकडे जातो. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणते, "देवाला माहीत आहे की सगळं, मग मालकाला कशाला सांगायचं? पोरीचं इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष आहे. नोकरी गेली तर? आणि लोक म्हणतील, ख्रिस्ती माणूसपण असलाच निघाला."

बायबलात दावीद राजानं स्तोत्रात म्हटलंय की केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केलं आहे. मग देवापाशी कबूल केलं तर पुरत नाही का? मी रोज करतो. रडतोही. पण मन हलकं होत नाही. प्रभुभोजन घेऊ का? वडील होऊ का? मी काय करू?

आपला एक भाऊ

•

बंधू, तुम्हालाही सप्रेम सलाम.

हे पत्र लिहिलंत, फार बरं केलंत. चार ओळींत "मी पापी आहे, प्रार्थना करा" असं लिहून मोकळं होणं सोपं होतं. तुम्ही काटा, कट, पावती सगळं लिहिलंत. म्हणून मीही तुम्हाला मोघम उत्तर देणार नाही.

पत्रात तुमचं वय आहे, नोकरीची वर्षं आहेत, मुलगी कितव्या वर्षाला आहे तेही आहे. एक आकडा मात्र नाही. पुरवठादाराकडून आजवर किती घेतलेत, तो. काट्यावरचा दहा-वीस किलोंचा फरकही न चुकता लिहिणारे तुम्ही, आणि या जागी "थोडंफार" लिहून पुढं गेलात. मला वाटतं, तुमच्या रोजच्या प्रार्थनेतही हेच होत असणार. "प्रभू, मी चुकलो, मला क्षमा कर" हे खरंच आहे, पण ते म्हणायला रजिस्टर उघडावं लागत नाही. रडणं मनापासूनचं असेल, याबद्दल मला शंका नाही. पण ज्या गोष्टीसाठी रडायचं ती तुम्ही अजून देवापुढे पूर्ण मांडलेलीच नाही. मग हलकं कसं वाटेल?

तेव्हा पहिलं काम हे. या आठवड्यात एका संध्याकाळी वही घेऊन बसा. कंपनीचे कागद घरी आणू नका, आठवतं तेवढं लिहा. हे कधीपासून सुरू झालं, महिन्याला त्याच्या किती गाड्या येतात, एका गाडीला खरा कट किती बसायला हवा होता, तुम्ही किती टाकलात. समजा महिन्याला चार गाड्या, दर गाडीला ८० किलो कमी, आणि दर किलोला ३० रुपये धरला, तर महिन्याला ९,६०० रुपये झाले, वर्षाला १,१५,२००. हे आकडे माझे, उदाहरणापुरते. तुमचे तुम्ही घाला. पण यातून काय दिसतं ते बघा. तुमच्या हातात वर्षाला दहा-पंधरा हजार आले असतील आणि तुम्ही तेवढ्यासाठीच रडत असाल. कंपनीनं मात्र ओल आणि मातीला लोखंडाचा भाव मोजला आणि तिचं नुकसान त्याच्या कितीतरी पट झालं. आपल्याला काय मिळालं एवढंच आपण धरतो. दुसऱ्याचं काय गेलं ते धरायला गेलं की हात थांबतो.

आता माणसांकडे येते. तुमच्या पत्रात देव आहे, मालक आहे, बायको-मुलगी आहे. मला आणखी तिघं दिसतात.

पहिला तो हाताखालचा पोरगा. तुम्ही त्याचा उल्लेख केलात, पण तुमची झोप उडवणारा म्हणून. तुमच्यामुळं त्याचं काय झालं, हे पत्रात कुठं नाही. तो काम शिकायला आलाय आणि कोणत्या गाडीला "न्हेमीगत" कट टाकायचा हे तो तुमच्याकडून शिकला. त्याला मराठी नीट कळतं, तुमचा "हं" त्याला पुरेपूर कळला. उद्या तो दुसऱ्या कंपनीत स्टोअरला लागेल तेव्हा हेच घेऊन जाईल. प्रभू येशूनं लहानांना अडखळण आणणाऱ्याबद्दल जे कडक शब्द वापरलेत ते तुम्ही संडे स्कूलपासून ऐकलेत. मी ते इथं पुन्हा लिहीत नाही.

दुसरा, ज्याच्याकडून तुम्ही काही घेतलं नाहीत तो पुरवठादार. तो माल वाळवून आणतो, दिवाळीला हात जोडतो आणि जातो. त्याच्या गाडीला तुम्ही कट किती टाकलात? पूर्ण टाकला असेल तर ओला माल आणणाऱ्यापुढं कोरडा माल आणणारा तोट्यात गेला. आणि स्टोअरमध्ये घट फार दिसू नये म्हणून कधी त्याच्या मालाला थोडा जास्तच टाकलात का? मी आरोप करत नाही, विचारते आहे. उत्तर तुम्हालाच माहीत आहे आणि ते मला कळवायची गरज नाही. वहीत मात्र लिहा.

तिसरी, फर्नेसवरची माणसं. यावर मी सगळ्यात जास्त थांबले. ओला किंवा तेलकट चुरा वितळलेल्या लोखंडात गेला तर आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि तापलेलं लोखंड उसळून बाहेर येतं. हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. तुम्ही पूर्ण कट टाकला असता, एखादी गाडी परत पाठवली असती, तर त्या पुरवठादारानं माल वाळवून आणला असता. त्याला तशी गरजच पडली नाही, कारण ओल खपत होती. म्हणजे हा प्रश्न पैशापुरता राहत नाही. आजवर कुणाला भाजलं नाही ही देवाची दया. तिच्या भरवशावर आणखी एक गाडी खाली करू नका. उद्या त्याची गाडी आली तर कट पूर्ण टाका, माल फार ओला असेल तर उतरवूनच घेऊ नका, आणि त्या पोराला शेजारी उभं करून सांगा, "इतके दिवस मी चुकीचं लिहीत होतो. आजपासून असं लिहायचं." पुरवठादाराला एवढंच कळवा की यापुढं त्याच्याकडून काही नको. बाकीच्या गोष्टींना मी पुढं थोडा वेळ देणार आहे. हिला नाही.

एवढा सगळा हिशेब कशाला, देव तर सगळं जाणतोच, असं तुम्हाला वाटेल. एकशे एकोणचाळीसावं स्तोत्र बघा. सुरुवातच अशी की परमेश्वरा, तू मला पारखलं आहेस, तू मला ओळखतोस. बसणं-उठणं त्याला ठाऊक, ओठावर न आलेला शब्द ठाऊक. आणि शेवटी तोच स्तोत्रकर्ता मागतो काय? माझी झडती घे, माझं हृदय जाण. जे देव जाणतोच आहे असं तो आधी म्हणाला, त्याचीच झडती तो मागतो. कारण देवाला नव्यानं काही कळायचं नसतं. आपल्याला त्या उजेडात उभं राहायचं असतं. स्वतःच्या मालाचा कट स्वतःच्या नजरेनं टाकायला गेलं की तो कमीच पडतो, म्हणून तो देवाला बोलावतो. तुम्ही वही घेऊन बसाल तेव्हा आधी हे स्तोत्र वाचा आणि मग पेन हातात घ्या.

आता दाविदाचं वाक्य. "तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध" हे एक्कावन्नाव्या स्तोत्रातलं. हे वाक्य आपल्या लोकांत फार सोयीनं वापरलं जातं, म्हणून जरा सविस्तर सांगते. त्या स्तोत्राच्या मथळ्यातच प्रसंग दिलाय. नाथान संदेष्टा दाविदाकडे आला तेव्हाचं हे स्तोत्र. नाथानानं गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली. दावीद संतापला आणि म्हणाला, ज्यानं हे केलं त्यानं ती चौपट भरून दिली पाहिजे. ही चौपट त्यानं मनानं काढलेली नाही. चोरलेल्या मेंढराबद्दल चार मेंढरं द्यावीत, असं निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात नियमशास्त्र सांगतं. दुसऱ्याच्या पापाला दाविदाला नियम तोंडपाठ होता. मग नाथान म्हणाला, तो माणूस तूच. म्हणजे हे "केवळ तुझ्याविरुद्ध" एका माणसासमोर उघडं पडल्यानंतरचं आहे. आणि ज्याची बायको दाविदानं घेतली तो उरीया? तो तर मेलेला होता. दाविदानंच त्याला लढाईच्या तोंडी द्यायला लावलं होतं. त्याचं घेतलेलं परत करायला तो उरला नव्हता. बंधू, तुमचा मालक जिवंत आहे. सकाळी कंपनीत येतो, संध्याकाळी घरी जातो. दाविदाला जे करता येण्यासारखं नव्हतं ते तुम्हाला करता येतं.

लेवीयाच्या सहाव्या अध्यायाची सुरुवात वाचा. शेजाऱ्याला ठेवीत, व्यवहारात फसवणं म्हणजे परमेश्वराशी विश्वासघात, असं तिथं सरळ म्हटलंय. तुम्ही विचारता की पाप देवाविरुद्ध की माणसाविरुद्ध. त्या उताऱ्यात ही दोन खाती वेगळी नाहीतच. आणि उपाय काय सांगितलाय? घेतलेलं पूर्ण परत द्यायचं, वर पाचवा हिस्सा घालायचा, म्हणजे एक लाख असतील तर एक लाख वीस हजार. तेही ज्याचं त्याच्या हातात, आणि दोषार्पणाच्या दिवशीच. मग परमेश्वरापुढं मेंढा अर्पण करायचा. प्रभूनं डोंगरावरच्या प्रवचनात हाच क्रम ठेवला. वेदीपाशी आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथंच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा.

तुमच्या पत्नीचं म्हणणं खरं आहे. देवाला सगळं माहीत आहे. मालकाला मात्र माहीत नाही, आणि पैसे त्याचे गेलेत. त्याला सांगायचं ते याच कारणासाठी.

कसं सांगायचं ते लिहिते. आधी एका वकिलाला भेटा. दडवण्याची युक्ती शोधायला नव्हे. नोकरानं मालकाचा विश्वासघात करणं हा कायद्यानं गुन्हा आहे, आणि काय काय होऊ शकतं हे तुम्हाला आणि घरच्यांना आधी कळलेलं बरं. नोकरी जाऊ शकते, ग्रॅच्युइटीवर परिणाम होऊ शकतो, तक्रारही होऊ शकते. खरं बोललात की सगळं सुरळीत होईल असं मी तुम्हाला सांगणार नाही. काहींचं होतं, काहींचं होत नाही. उद्यमनगरात सकाळी झालेली गोष्ट दुपारच्या चहाला शिरोलीत पोचलेली असते, तेव्हा दुसरीकडे काम मिळणंही अवघड जाईल. हे सगळं धरूनच मी म्हणते आहे की सांगा.

मग पाळकसाहेबांना भेटा आणि त्यांना वही दाखवा. ते बरोबर यायला तयार असतील तर येऊ देत, पण बोलायचं तुम्ही. मालकांकडे वेळ मागून घ्या, दार लावून बसा आणि सरळ सांगा: "साहेब, अमुक सालापासून या पुरवठादाराच्या मालाला मी कट कमी टाकला. त्याबद्दल त्यानं मला इतके पैसे दिले. माझ्या हिशेबानं कंपनीचं इतकं नुकसान झालं. यातले इतके आज आणलेत, बाकीचे महिन्याला इतके देईन." एवढं बोलून थांबा. "सगळीकडेच चालतं" म्हणू नका. मुलीची फी काढू नका. "आता मी प्रभूपुढं सरळ व्हायचं ठरवलंय" हेसुद्धा त्या खोलीत नको. ते ऐकून तो भला माणूस संकोचेल आणि रागावायचा त्याचा हक्क तुम्ही काढून घेतल्यासारखं होईल. क्षमा मागा, पण ती मिळालीच पाहिजे अशा तोंडानं मागू नका. तुमचा हिशेब त्यानं तपासायचा म्हटलं तर तपासू द्या.

आणि अर्धं सांगून पूर्ण सांगितल्यासारखं दाखवू नका. जमीन विकून आलेले पैसे मंडळीला द्यायला आणणाऱ्या हनन्या आणि सप्पीरा या नवराबायकोबद्दल आपण नुसती भीती बाळगतो, पण पेत्र त्यांना काय म्हणाला ते नीट वाचत नाही. जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसेही तुझ्याच हाती होते, असं तो म्हणतो. पैसे ठेवून घ्यायची त्यांना मुभा होती. थोडे आणून सगळे आणलेत असं भासवलं, तिथं ते चुकले. तुमची ऐपत आज वीस हजारांची असेल तर वीसच न्या आणि बाकी किती राहिले तो आकडा तोंडानं सांगा.

तुमच्या पत्नीबद्दल मला फार वाटतं. त्यांना लोभी समजू नका. चौदा वर्षं ज्या पगारावर घर उभं आहे तो उद्या बंद होईल, ही भीती अगदी खरी आहे. तुम्ही रात्री त्यांना सगळं सांगितलंत, स्वतःचं ओझं जरा उतरवलंत आणि सकाळी कामावर निघून गेलात. त्या दिवसभर घरात ते घेऊन बसल्या असतील. आता पुन्हा एकदा बसा, या वेळी वही समोर ठेवून. कर्ज किती, फी किती, किती महिने काढता येतील, मुलीच्या कॉलेजात हप्ते मिळतात का. दागिना मोडायची वेळ आली तर तो गुजरीत सोनाराकडे नेण्याचा निर्णय तुम्ही एकट्यानं घ्यायचा नाही, मग तो कितीही पवित्र कारणासाठी असो. प्रायश्चित्त तुमचं आणि त्याची किंमत बायकोच्या अंगावरून उतरवायची, असं झालं तर ती दुसरी फसवणूक ठरेल. त्या तयार व्हायला आठ-पंधरा दिवस लागले तर लागू देत. पण तारीख ठरवून थांबा. नाहीतर पंधराचे महिने होतात. मुलगी विशीची आहे, तिलाही सांगा, आणि बाहेरून कळायच्या आत सांगा.

"लोक म्हणतील ख्रिस्ती माणूसपण असलाच" हे त्यांचं वाक्य माझ्या मनात घर करून बसलंय. आपण थोडे आहोत, म्हणून एकाचं नाव गेलं की सगळ्यांचं जातं असं वाटतं. मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले, डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत हॉस्पिटल उघडलं. तेव्हापासून या भागात शाळांतून, दवाखान्यांतून कितीतरी साध्या माणसांनी, नर्सबाईंनी, मास्तरांनी, कंपाउंडरांनी सचोटीनं कामं केली आणि लोकांचा विश्वास बसला. तुमच्यावर स्टोअरची किल्ली सोपवताना त्या विश्वासाचाही थोडा वाटा असेल. तो राखायचा म्हणून खोटी पावती झाकून ठेवायची, हे मला पटत नाही. एखादा ख्रिस्ती माणूस चुकला आणि न पकडता स्वतः येऊन सांगून गेला, हेही लोक बोलतात.

आता प्रभुभोजन. तुम्ही गडहिंग्लजला जाता ते अयोग्य रीतीनं खाण्याच्या भीतीनं. प्रेषित पौलानं करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या मंडळीला, ते का लिहिलं ते आधी पाहा. तिथले खाऊनपिऊन सुखी लोक आपलं आपलं आधी उरकत होते, गरीब भाऊ उपाशी राहत होता, कुणी तर नशेत असायचा. पौल त्यांना म्हणतो, तुम्ही देवाच्या मंडळीला तुच्छ मानता, ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना लाजवता. आत्मपरीक्षेची आज्ञा या उताऱ्यात येते. म्हणजे आपल्यामुळं शेजारच्याचं काय होतंय, हे पाहण्याची ती परीक्षा आहे. आणि आज्ञेचं वाक्य पूर्ण वाचा: माणसानं आत्मपरीक्षा करावी, आणि मग त्या भाकरीतून खावं, त्या प्याल्यातून प्यावं. परीक्षा करून गावाला निघून जावं, असं त्यात नाही.

जक्कयाची गोष्ट इथं मला फार आधाराची वाटते. तो यरीहोतला मुख्य जकातदार, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. प्रभूनं त्याला झाडावरून खाली बोलावलं तेव्हा त्यानं कुणाचा एक पैसाही परत केलेला नव्हता. प्रभू आधी त्याच्या घरी उतरायला निघाला. मग जक्कय उभा राहून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं अन्यायानं घेतलं त्याला चौपट. वेदीपाशी दान ठेवून आधी भावाकडे जा, हे आपण देवाला द्यायला नेतो त्याबद्दल आहे. मेजावरची भाकर प्रभू आपल्याला देतो. म्हणून माझा सल्ला असा. पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारच्या आधी पाळकसाहेबांना सांगून झालं असेल, उद्याच्या गाडीचा कट पूर्ण टाकला असेल आणि मालकाकडे जायची तारीख ठरली असेल, तर प्रभुभोजन घ्या. सगळे पैसे फिटेपर्यंत थांबू नका, त्याला वर्षं लागतील आणि ती वर्षं तुम्हाला त्या भाकरीशिवाय काढता येणार नाहीत. आणि सांगायचंच नाही असं मनाशी ठरवलं असेल, तर घेऊ नका. तरीही चर्चमध्ये या, आपल्या नेहमीच्या बाकावर बसा आणि प्याला पुढं जाऊ द्या. शेजारचा विचारेल त्याला विचारू दे. बहिणीच्या घरी जाऊन बसण्यापेक्षा ते बरं.

एक धोकाही सांगून ठेवते, कारण तुमच्यासारखी माणसं एकदा हिशेबाला बसली की थांबत नाहीत. मग स्टोअरमधून घरी आणलेलं पेन, एखाद्या दिवशी लवकर मारलेली दांडी, दहा वर्षांपूर्वी बोललेलं एखादं वाक्य, सगळं रात्री डोक्यात फिरायला लागतं. त्याला मी आत्मपरीक्षा म्हणणार नाही. पौल करिंथकरांना म्हणतो, माझ्या मनाला काही लागून राहिलेलं नाही, तरी तेवढ्यानं मी निर्दोष ठरत नाही, माझा न्यायनिवाडा करणारा प्रभू आहे. आणि योहान म्हणतो, आपलं मन आपल्याला दोषी ठरवत असलं तरी देव आपल्या मनापेक्षा थोर आहे. ज्याचं कुणाचं तरी नुकसान झालंय आणि जे भरून देता येतं, ते वहीत लिहा. बाकीचं एकदा प्रार्थनेत सांगा आणि झोपा. सकाळी गाड्या उतरवायच्या असतात, झोप लागते.

राहिलं वडीलपद. यावर मला फार विचार करावा लागला नाही. या वर्षी नको. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात अध्यक्षाबद्दल, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्याबद्दल, म्हटलंय की तो अदूष्य असावा, पैशाचा लोभी नसावा, बाहेरच्या लोकांतही त्याचं नाव चांगलं असावं. तीताच्या पत्रात अनीतीनं पैसा मिळवणारा नसावा असंही आहे. तुम्ही कायमचे अपात्र आहात असं मी म्हणत नाही, मंडळी पुढं काय ठरवेल ते ठरवेल. पण दानपेटी मोजायला बसणाऱ्या माणसाचा बाहेरचा हिशेब आधी मिटलेला हवा. नाव मागं घेण्याचं कारण सगळ्या मंडळीला सांगायची गरज नाही. ज्यांचं नुकसान झालं आणि ज्यांना तुमचा आत्मिक सांभाळ करायचा आहे, एवढ्यांना कळलं की पुरे. पण "तब्येत बरी नसते", "कामातून वेळ होत नाही" असलं निमित्त मात्र काढू नका. "या वर्षी मी उभा राहू शकत नाही, का ते पाळकसाहेबांना सांगितलंय" हे वाक्य खरं आहे आणि पुरेसं आहे. नावांची यादी उपासनेत वाचली जाण्याआधी कळवा. वाचून झाल्यावर नाव काढायचं झालं तर पाळकसाहेबांवर सगळ्यांपुढं काहीतरी कारण सांगायची पाळी येईल, आणि तुमच्यासाठी त्यांनी खोटं बोलावं अशी वेळ त्यांच्यावर आणू नका.

तुमची ताई